कितव्या हापशाला पाणी

आमच्या घरात कामांची यादी परदेशातून यायची. अब्बा आखातात एका बांधकामावर क्रेन चालवायचे आणि दोन वर्षांतून एकदा दासगावला घरी यायचे. मधल्या काळात घर चालायचं त्यांच्या पत्रांवर. पत्राचं पहिलं पान सलाम-दुव्याचं, दुसरं सगळ्यांच्या तब्येतींचं, आणि तिसऱ्या पानावर आकडे घालून कामं. एक, मागची भिंत पावसाच्या आधी बांधून घेणे. दोन, विहिरीचा रहाट बदलणे. तीन, मधल्या खोलीची कौलं परतणे. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी पाचवीत होते आणि अम्मीला लिहिता येत नसल्यामुळे उत्तरं माझ्या हातची असायची.

"लिव, भिंत झाली," अम्मी सांगायची.

"अम्मी, भिंत कुठं झालीय? दगड पन नाय आले."

"तू लिव गो. तुजे अब्बा तिकडं उन्हात बसलेत, त्यांच्या डोक्याला भिंतीचा ताप कशाला? लिव, सगला बरा हाय."

मी लिहायची. अब्बा सुट्टीवर आले की बॅगा ओट्यावर टाकून आधी मागच्या बाजूला जायचे. त्या वर्षी तिथे भिंतीच्या जागी कोंबड्यांचा खुराडा होता. अब्बा थोडा वेळ खुराड्याकडे बघत उभे राहिले, मग हसले आणि म्हणाले, "भिंत अंडी बरी देते." दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन गवंडी घेऊन आले.

याला आमच्याकडे कोणी खोटं बोलणं म्हणत नसे. गावातली अर्धी घरं मुंबईवर आणि आखातावर चालायची. लांबच्या माणसाला 'झालं' म्हणूनच कळवायचं, ही रीतच होती. 'झालं नाही' असं कळवणारी बाई म्हणजे दगडाच्या काळजाची. मी या रीतीत वाढले आणि मला तिचा अभिमानही होता. पुढे ही रीत मी कुठे नेली, ते सांगायचं आहे.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. महाडला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी एका खासगी कंपनीत लागले. कंपनीकडे खेड्यांतले हातपंप दुरुस्त करायचं कंत्राट होतं. साहेब ठाण्याला बसायचे. दुरुस्तीच्या टोळ्या चार, त्यातली एक महाडची, एक पोलादपूरची आणि दोन दूरच्या तालुक्यांत. महाडच्या ऑफिसात मी एकटी, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा. वीज सारखी जायची, म्हणजे पंखाही बहुतेक बंदच असायचा.

त्या कॉम्प्युटरवर इंटरनेटमधून कामांची यादी उघडायची. पुण्यातल्या एका प्रोग्रामरने ती कंपनीसाठी बनवली होती. प्रत्येक नादुरुस्त पंपाची एक ओळ असे. ओळीत गाव, तक्रारीची तारीख, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आणि शेवटी 'पूर्ण' अशी चौकट. ठाण्याचे साहेब, पुण्याचा प्रोग्रामर आणि महाडची मी, तिघंही एकाच वेळी तीच यादी बघू शकत होतो. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हा मी बिरवाडीच्या मैत्रिणीला मुद्दाम ऑफिसात बोलावून ते दाखवलं होतं. तिने विचारलं, "यात पंप कुठं दिसतो?" पंप दिसत नव्हता.

टोळ्यांकडे इंटरनेट नव्हतं. वाड्या डोंगरात, मोबाइलला रेंज नाही. दुरुस्तीवाला खाली उतरून स्टँडवरच्या एक रुपयाच्या फोनवरून मला कळवायचा आणि मी यादीत भरायची.

यादी बनवणाऱ्याने आमचा भाग कधी पाहिलेला नव्हता, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. त्याच्या यादीत नुसतं वाडीचं नाव लिहायची सोय होती. आमच्याकडे प्रत्येक गावाला एक गवळवाडी आणि एक मधली आळी. तुडीलच्या बाजूच्या पंपासाठी निघालेली टोळी एकदा पार उलट्या टोकाच्या वाडीत जाऊन उभी राहिली. तिथला पंप उत्तम चालत होता आणि लोक टोळीकडे संशयाने बघत होते. मी पुण्याला फोन करून प्रोग्रामरला चांगलंच झापलं. माणूस सरळ होता. "मॅडम, तुम्हीच सांगा कसं हवं," म्हणाला. मी सांगितलं. आधी गाव, मग वाडी, मग पंपाची खूण, म्हणजे देवळामागचा, शाळेजवळचा. चार दिवसांत त्याने ते करून दिलं.

तिथून मला चटकच लागली. महाडची टोळी पंप उघडलेलासुद्धा नसताना 'पूर्ण' सांगते, हे मी पकडलं तेव्हा मीच सुचवलं की एकदा ओळ बंद झाली की ती पुन्हा उघडताच येऊ नये, म्हणजे नंतर सारवासारव नको. त्याच पंपाची तक्रार पंधरा दिवसांत परत आली, तर ती दुरुस्ती करणाऱ्याच्या नावावर 'खराब काम' म्हणून पडावी. आणि ओळ बंद होताच तिच्यासाठी राखून ठेवलेलं सामान आपोआप पुढच्या पंपाला जावं. साहेबांना हे फार आवडलं. फोनवर म्हणाले, "महाडमध्ये बसून तू आम्हाला शिकवतेस." मी त्या दिवशी घरी जाताना मिठाई घेतली.

पोलादपूरच्या टोळीचे प्रमुख पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाय. मुंबईत एका कारखान्यात ते फिटर होते. कारखाना बंद झाला तेव्हा गावी परतले आणि काही वर्षं रिकामे बसल्यावर त्यांना हे काम मिळालं होतं. "आता या वयात मला दुसरा कोन घेतो?" असं ते हसत म्हणायचे, पण ते खरंच होतं.

काका काम झाल्यावर फोन करायचे, पण काम झालं म्हणायचे नाहीत.

"बाय, पंप बसवला. पानी येतंय. पन पुरा झाला असा नको लिवू."

"काका, पाणी येतंय ना? मग अजून काय राहिलं?"

"तीन सकाळी जाऊंदे."

पंपाचं शास्त्र मला त्यांनी त्या एक रुपयाच्या फोनवरून शिकवलं, दर तीन मिनिटांनी नाणं टाकत. बोअरच्या तळाशी एक झडप असते, ती पाइपातलं पाणी धरून ठेवते. झडप गळकी असली तरी दिवसभर काही कळत नाही, कारण कोणी ना कोणी पाणी काढतच असतं. पण रात्रभर पंप उभा राहिला की पाइप रिकामा होतो. मग सकाळी पहिली जी बाई येते तिला दांडा मारत बसावं लागतं. एकदा खाली-वर केलं की एक हापसा. तीन-चार हापशांत पाणी आलं तर पंप चांगला. वीस-पंचवीस लागले तर झडप गेली, आज नाही तर महिन्याने पंप पुन्हा बंद पडणार. म्हणून काका पंपाच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या बाईला हापसे मोजायला सांगायचे आणि चौथ्या दिवशी परत वाडीत चढून विचारायचे, कितव्या हापशाला पाणी आलं? मग मला फोन. "आता लिव, झाला."

त्यांचा पंप पुन्हा बिघडल्याची तक्रार माझ्याकडे क्वचितच यायची. पण यादीला ते कळत नव्हतं. तीन दिवसांत ओळ बंद झाली नाही की ती लाल व्हायची. महाडच्या टोळीच्या ओळी हिरव्यागार आणि पोलादपूरच्या सगळ्या लाल. मार्चअखेरीला साहेबांनी कळवलं की मे महिन्यात एक माणूस कमी करायचा आहे, आणि यादी बघता तो कोण हे उघड आहे.

मला काकांची काळजी वाटली. खरोखर वाटली, आणि त्या काळजीपोटी मी जे केलं ते करताना मला क्षणभरही अडखळल्यासारखं झालं नाही. 'पाणी येतंय' एवढं त्यांनी सांगितलं की मी 'पूर्ण'च्या चौकटीत खूण करू लागले. त्यांना सांगितलं नाही. ठाण्याला बसलेल्या माणसाच्या डोक्याला ताप कशाला? मी पाचवीपासून हेच तर लिहीत आले होते. दोन आठवड्यांत पोलादपूर हिरवं झालं. साहेब म्हणाले, "तुझा म्हातारा सुधारला की." मी खूश होते.

एप्रिलच्या मध्यावर काकांचा फोन आला. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, दोन पंपांपैकी एक कायमचा गेलेला, दुसरा काकांनी नुकताच दुरुस्त केलेला.

"बाय, तिसऱ्या सकाळी तीस हापसे लागले. झडप बदलायला हवी. सामानातली नवी झडप धाड."

यादी उघडली. ती ओळ मी तीन दिवसांपूर्वीच बंद केली होती. बंद होताच तिच्या नावावरची झडप दूरच्या तालुक्यात निघून गेली होती. ओळ उघडायला गेले, उघडेना. कशी उघडणार? ती उघडू नये असं मीच सांगितलं होतं. झडप मिळवायची तर नवी तक्रार घालावी लागणार, आणि नवी तक्रार घातली की काकांच्या नावावर 'खराब काम'.

मी काकांना म्हटलं, "सामान संपलंय. येईल दोन दिवसांत."

नवी तक्रार न घालता कुठून झडप मिळते का ते बघण्यात मी आठवडा घालवला, आणि झडप दहा दिवसांनी आली. तेवढ्या दिवसांत आणखी तीन पंपांचं असंच झालं. चारही ठिकाणी मला शेवटी नवी तक्रार घालावी लागली आणि चारही तक्रारी काकांच्या खात्यात गेल्या. आधी ते नुसते सावकाश होते. आता यादीत ते घाईघाईने वाईट काम करणारे झाले, म्हणजे ते जे जन्मात नव्हते ते. साहेबांचा फोन आला, "म्हाताऱ्याला मेपासून नको. कळव त्याला."

मी चार दिवस कोणालाच काही कळवलं नाही. मग एका सकाळी एसटीने पोलादपूरला गेले आणि तिथून एका जीपने वाडीच्या पायथ्याशी. वर चालत गेले तेव्हा काका पंपाशीच होते. नवी झडप आदल्या दिवशी बसवली होती. शेजारी एक म्हातारी बाई कमरेला पदर खोचून उभी होती. पंपाच्या सगळ्यात जवळचं घर तिचं. हापसे तीच मोजायची. मला आकडा सांगायला म्हणून तिने बोटं वर केली. तीन.

मी काकांना सगळं सांगितलं. खुणा कशा केल्या, का केल्या, ओळ का उघडली नाही, चार तक्रारी, साहेबांचा फोन. ते चिडतील, निदान नोकरीचं विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हंजे इतके दिवस या वाडीचा पंप तुझ्या मशिनीत चालू होता?"

"हो."

"आनि इथं दुसऱ्याच दिवशी पंप बंद पडला, तवापासून या बाया खाली ओढ्यावर जात व्हत्या."

दहा दिवस मी काकांची नोकरी, काकांचे आकडे, काकांचं वय एवढाच विचार करत होते. वाडी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. ओढा तिथून दिसत होता, खूप खाली, आणि त्यात पाण्यापेक्षा दगड जास्त होते. म्हातारी आमच्याकडे बघत होती. तिला अर्धं कळलं असेल. मला इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही. मी अब्बांना खोटी भिंत लिहायची तेव्हा भिंतीविना राहणारी माणसं आम्हीच होतो. इथे मी दुसऱ्यांचं पाणी लिहून टाकलं होतं.

खाली पोलादपूरच्या स्टँडवरून मी साहेबांना फोन केला. काका बाजूलाच सुटे पैसे हातात धरून उभे. मी सांगितलं की खुणा माझ्या आहेत, त्यांचा काही दोष नाही, काढायचं तर मला काढा. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "असं करायचं नसतं." मग म्हणाले, "पण कमी करायच्या माणसांची यादी वर गेली, सह्या झाल्या. आणि तो तसाही सावकाशच होता ना?" मी पुन्हा सांगायला लागले तेव्हा त्यांना दुसरा फोन आला.

मी फोन ठेवला. काकांनी उरलेली नाणी खिशात टाकली. "तू बोललीस ना खरा? बस झाला," म्हणाले आणि मला चहा पाजला. मे महिन्यात त्यांचं काम गेलं. मी राजीनामा दिला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दिला नाही.

एक गोष्ट मात्र केली. पुण्याच्या प्रोग्रामरला फोन करून सगळा प्रकार सांगितला. मग आम्ही दोघांनी मिळून यादी बदलली. 'पूर्ण'च्या आधी तीन चौकटी आल्या: पहिली सकाळ, दुसरी सकाळ, तिसरी सकाळ. प्रत्येकीत हापशांचा आकडा. तिन्ही भरल्याशिवाय ओळ बंद होणार नाही, आणि त्या दिवसांत ती लालही होणार नाही. आकडा दहाच्या वर गेला की मात्र लगेच लाल, आणि झडप राखून ठेवली जाणार. साहेबांना हेही फार आवडलं. चारही तालुक्यांना लागू केलं. काकांचा तीन सकाळींचा हट्ट सगळीकडे गेला आणि काका घरी बसले.

पुढच्या उन्हाळ्यात पोलादपूरला नवी टोळी होती. त्यांचे फोन वेळेवर यायचे. पहिली सकाळ तीन, दुसरी सकाळ तीन, तिसरी सकाळ तीन. आज या वाडीचे तीन तीन तीन, उद्या त्या वाडीचे तीन तीन तीन. यादी हिरवी होती. साहेब खूश होते. मला ते आकडे वाचताना अम्मीचा आवाज ऐकू यायचा. लिव, सगला बरा हाय.

तोवर डोंगरातल्या त्या वाडीत दुकानात एक बिनतारी फोन आला होता. एका दुपारी त्या वाडीचे तीन तीन तीन माझ्यासमोर होते आणि फक्त ओळ बंद करायची बाकी होती. मी नंबर शोधून फोन लावला. दुकानदाराला सांगितलं, पंपाजवळच्या म्हातारीला बोलाव. ती यायला दहा मिनिटं लागली.

"कोन गो तू?"

"मी महाडवरून बोलते, पंपाच्या ऑफिसातून. मागच्या वर्षी आले होते."

"तो आमचा फिटर कुठं हाय? हे नवे परत कधी आलेच नाय इचारायला."

सांगता आलं असतं की ते बरे आहेत, दुसरीकडे काम बघतात. लांबच्या माणसाला असंच सांगायचं असतं.

"त्यांना काढलं, आजी," मी म्हटलं. "माझ्या चुकीनं काढलं. तुम्ही ओढ्यावर जात होतात तेव्हा मी इथं पंप चालू आहे असं लिहिलं होतं."

फोनमध्ये दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता. मला वाटलं तिने फोन खाली ठेवला आणि निघून गेली.

"बावीस," ती म्हणाली.

"काय?"

"आज सकाळी बाविसाव्याला आला पानी. काल अठरा व्हते. मी अजून मोजते. लिव."

मी तिसऱ्या सकाळच्या चौकटीतला तीन पुसला आणि बावीस लिहिलं. ओळ लाल झाली.